नावापुरती तीन अक्षरं

४ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र छापखान्याच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. घरी पाठवलं असतं तर जिन्यात आईच्या हाती पडलं असतं. आणि फोनवर तू एवढ्या मोठ्याने बोलतोस की तुझ्या उत्तरांवरून माझे प्रश्नसुद्धा वरच्या मजल्यावर आईला कळतात.

बँक सोडून मी इथे व्हिडिओ गेमच्या संग्रहालयात लागले, तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तिचं शेवटचं वाक्य होतं, "शिकलीसवरलेली पोरगी आता खेळण्यांवरची धूळ पुसणार." अगदी मुख्याध्यापिकेच्या आवाजात. त्यानंतर फोन बाबाच उचलतात, "बघू" म्हणतात आणि ठेवून देतात.

मी धूळ पुसत नाही, पाट्या लिहिते. जुन्या गेमच्या यंत्रांशेजारी लावायच्या पाट्या. इंग्रजी शब्द, आणि खाली त्याचा मराठीत अर्थ. आमच्या संचालकांना आम्ही पाठीमागे चष्मेसाहेब म्हणतो. त्यांची अट अशी, की ज्याने जन्मात एकही गेम खेळलेला नाही अशा सज्जन माणसाला पाटी कळली पाहिजे. असा सज्जन मला एकच माहीत आहे, आणि तो मुद्रितशोधकही आहे. पाट्यांची छपाई तुमच्याच छापखान्याला द्यायची असं मी साहेबांच्या गळी उतरवलं आहे. पहिली यादी सोबत पाठवते. न कळलेल्या शब्दावर लाज न बाळगता फुली मार.

उद्घाटन मार्चमध्ये आहे. आईने यावं एवढंच मला हवंय. पाट्या फसल्या तरी एक वेळ चालेल.

तुझी भाची

—

११ जानेवारी

भाचीबाईंना मामाचा आशीर्वाद, आणि फुल्यांबद्दल आगाऊ क्षमा.

सकाळची प्रार्थना झाली की मी थोडा वेळ कुणाशी बोलत नाही. त्या वेळात तुझी यादी वाचली. प्रार्थनेनंतर वाचण्याजोगी ती नव्हती, निम्म्या शब्दांत कुणी ना कुणी मरतं.

'लाइफ'ची पाटी आवडली. सुरुवातीलाच तीन जीव मिळतात म्हणतेस. दोन उधळले की माणूस तिसरा सांभाळून वापरतो. आम्हाला एकच दिला, आणि तो जपून वापरायचा असतो हे पन्नाशीला टेकल्यावर सुचतंय.

'बॉस'ची पाटी मी आमच्या मालकांना वाचून दाखवली. टप्प्याच्या शेवटी बसलेला, आकाराने सगळ्यांत मोठा, ज्याला ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही असा. ते म्हणाले, "वर्णन बरोबर आहे, पण मारतात कशाला?"

'रेस्पॉन'वर मात्र फुली. शब्दकोशात 'स्पॉन' म्हणजे माशाने किंवा बेडकाने अंडी घालणे. तुझा शिपाई मरतो आणि पुन्हा अंडी घालतो, हे दोनदा वाचूनही उमगलं नाही. शिपाई पुरुष आहे ना?

'ग्राइंडिंग'वर तू चार ओळी खर्च केल्या आहेस. तेच ते किरकोळ काम पुन्हा पुन्हा करून ताकद कमवायची. अगं, 'दळण' लिही आणि मोकळी हो. 'जॉयस्टिक'ला मी 'आनंददांडी' सुचवतो. शाळेला दांडी मारूनच खेळतात म्हणे, तेव्हा दोन्हीकडून अर्थ लागतो. 'पॉज' म्हणजे खेळाच्या मध्येच थांबायची सोय. याला मराठीत शब्द नाही असं तू लिहितेस! लहानपणी धापा टाकत दिवसातून शंभरदा 'टाइमप्लीज' कोण ओरडत होतं?

'एनपीसी' वाचून हसलो. ठरलेल्या जागी उभा असतो, कुणी काहीही विचारलं तरी एकच वाक्य बोलतो. हे तर आमचे भाऊजी. परवानगी काढून तुझ्या बाबांचा फोटोच लावा.

'गेम ओव्हर'ला समजावून सांगायची गरज नाही. त्याचा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. 'चला घरी.'

आता तुझी आई. मी सहज म्हटलं, "पोरगी काय म्हणते?" ताई म्हणाली, "कुठली पोरगी?" आणि माझ्या ताटात न विचारता आणखी वाढलं. राग माझ्यावर नाही, एवढंच कळलं. तिच्या शाळेत मुलांच्या दप्तरांतून काढून घेतलेले, हातात धरून खेळायचे गेम तिच्या घरच्या कपाटाच्या खालच्या खणात असतात. वर्ष संपलं की पालकांना बोलावून, चार शब्द सुनावून परत देते. सुट्टीच्या दुपारी कधी कधी वरून टिंग टिंग असा आवाज येतो. घड्याळ असावं.

तुझा मामा

—

१९ जानेवारी

प्रिय मामा,

'टाइमप्लीज' वाचून चष्मेसाहेब खुर्चीतून उठले. आता बैठकीत कुणी जास्त बोलायला लागलं की तेच "टाइमप्लीज" म्हणतात. तुझ्यामुळे मलाही धीर आला. कितीही मार खाल्ला तरी बाद न होणाऱ्या खेळाडूला मी 'लिंबूटिंबू' लिहिलं आहे, आणि हरायला लागल्यावर रागाने निघून जाण्याला 'रडीचा डाव'.

शिपाई अंडी घालत नाही. तो पुन्हा प्रकट होतो. पुढच्या यादीतला पहिलाच शब्द 'ईस्टर एग' आहे, तेव्हा आत्ताच हसून घे. पूर्वी काही कंपन्या गेम बनवणाऱ्याचं नावच कुठे देत नसत. मग एखादा पठ्ठ्या आपलं नाव खेळातच कुठेतरी भिंतीआड लपवून ठेवायचा. शोधणाऱ्याला ते सापडायचं. त्या लपवलेल्या गमतीला अंडं म्हणतात.

आणि 'गेम ओव्हर'चा अर्थ 'चला घरी' नाही, मामा! 'डाव संपला.' तुला हे कुणी शिकवलं?

आता खरी बातमी. भंगारवाल्याकडून एक मोठं यंत्र आलं आहे, कपाटाएवढं, नाणं टाकून खेळायचं. खेळ खेकड्यांचा. वरून खेकड्यांच्या रांगा उतरतात, तळाशी आपली होडी. यंत्र सध्या मुकं आहे, आमचे मिस्त्री त्याच्या पोटात डोकं घालून बसलेत. पण पडद्याची काच बघ! एकच चित्र वर्षानुवर्षं दिसत राहिलं की ते काचेत आतून भाजल्यासारखं उमटतं, त्याला 'बर्न-इन' म्हणतात. खिडकीतून तिरका उजेड आला की बंद काचेवर विक्रमांची यादी दिसते. त्या काळी नावासाठी यंत्रात तीनच अक्षरांची जागा असायची, तीही इंग्रजी. पहिल्या क्रमांकावर टी, ए, आय. दुसऱ्यावर टी, ए, आय. वरपासून खालपर्यंत तेच! हा 'टाय' कोण असेल? मी त्याच्या मागे लागले आहे.

आईला माझ्याबद्दल आणखी एकदा सहज विचारशील?

तुझी भाची

—

२२ जानेवारी

भाचीबाई,

पत्र लहान आहे. आज प्रार्थनेतही मन लागलं नाही. देवाला टाइमप्लीज सांगून उठलो.

एकच विचारतो. त्या यंत्राच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, बाटलीचं बूच काढायचं ओपनर स्क्रूने बसवलेलं आहे का? नीट बघ. गंजलेलं असेल.

मामा

—

२८ जानेवारी

मामा,

आहे! गंजलेलं आहे, वाकडंही आहे. मिस्त्री म्हणतात, एवढ्या यंत्रांत असं कधी पाहिलं नाही. आता मुकाट्याने सांग, तुला कसं कळलं?

मी त्या यंत्राची पाटी लिहून टाकली आहे. समासात हाताने केलेल्या दुरुस्त्यांसकट पाठवते.

"या यंत्रावरील विक्रमवीराने आपले नाव 'टाय' असे नोंदवले आहे. नावावरून तो कुणी परदेशी तरुण असावा आणि प्रवासात वेळ घालवण्यासाठी खेळत असावा. त्या काळी मुली अशा ठिकाणी जात नसत. खेळातला अखेरचा बॉस, म्हणजे थोरला खेकडा, त्याला मारता आला नसावा. तो मारणे अशक्यच आहे असे जाणकार मानतात."

जाणकार म्हणजे चष्मेसाहेब. त्यांनी घरी संगणकावर हाच खेळ बसवून आठवडाभर दळण दळलं. थोरल्या खेकड्याने त्यांना दरवेळी खाल्लं.

कशी वाटली पाटी? आणि ओपनर?

तुझी भाची

—

२ फेब्रुवारी

भाचीबाई,

पाटी सुंदर आहे. इतकी चुकीची पाटी मी आजवर वाचली नव्हती.

पुढचं विचारू नकोस. पाचवीत असताना एका गोष्टीबद्दल मी देवापुढे उभा राहून कुणाला तरी शब्द दिला आहे. तो देवाच्या लक्षात असेल की नाही ठाऊक नाही, पण माझ्या आहे. खोटं मी बोलणार नाही, आणि खरं बोलायची मला परवानगी नाही. अशा वेळी मुद्रितशोधक समासात प्रश्नचिन्ह काढतो आणि पुढची ओळ वाचायला घेतो.

मात्र एक कर. या पाटीतल्या एकाही शब्दाला हात लावू नकोस. 'परदेशी तरुण' राहू दे. 'मुली जात नसत' हे तर राहायलाच हवं. थोरल्या खेकड्याचं वाक्य शक्य असेल तर आणखी ठाम कर.

आज प्रुफं घरी नेतो आहे. माझ्या पिशवीचा बंद जुना झालाय. जिना चढताना तो नेमका वरच्या मजल्यासमोर तुटेल, असं मला सारखं वाटतं आहे.

आपलं नाव लपवूनही ठेवायचं आणि ते कुणाला तरी सापडावं असंही वाटायचं, तुझ्या त्या अंड्याच्या गोष्टीचा मी दोन दिवस विचार करतो आहे. माणसाचं असंच असतं.

मामा

—

९ फेब्रुवारी

प्रति,
पाट्या-विभाग प्रमुख, व्हिडिओ गेम संग्रहालय

विषय: खेकड्यांच्या यंत्राच्या पाटीतील अक्षम्य चुका.

महोदया,

आपल्या एका पाटीचे प्रूफ मला आमच्या जिन्यात पडलेले सापडले. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. परंतु हातात लाल पेन होते.

विक्रमवीर परदेशी नव्हता. तो विक्रमवीरही नव्हता. 'वीर' पुल्लिंगी आहे. नावाचा उच्चार आपण 'टाय' असा दिला आहे. तो गळ्यात बांधायचा प्रकार आहे. ती तीन अक्षरे कृपया मराठी माणसासारखी, मोठ्याने वाचावीत.

'मुली जात नसत' हे आपल्याला कोणी सांगितले? निदान एक जात असे. बाजारातल्या सोडावाल्याच्या दुकानात यंत्र होते. घरी ती 'इंग्रजीच्या क्लासला जाते' असे सांगे, आणि ते अगदीच खोटे नव्हते. तिथले सगळे इंग्रजीतच लिहिलेले असे. त्या वर्षी तिला इंग्रजीत प्रथमच चांगले गुण मिळाले, तेव्हा वडिलांनी क्लासची तारीफ चार लोकांत केली. एकटीने जायची परवानगी नसल्यामुळे सोबत धाकटा भाऊ असे. त्याला सोड्याची बाटली देऊन बाहेर बाकावर बसवले जाई.

सगळ्या ओळींत एकच नाव आहे याला आपण कदाचित गर्व म्हणाल. वीज गेली की ती यादी पुसली जायची. मग पुन्हा जाऊन पहिल्यापासून लिहावी लागायची. याला चिकाटी म्हणतात.

थोरला खेकडा मारता येतो. त्याच्या डाव्या नांगीखाली एक जागा आहे, तिथे होडी नेली की त्याची गोळी पोचत नाही. तिथे हलायचे नाही, घाबरायचे नाही, आणि तो डोळे मिटतो तेवढ्यातच बटण दाबायचे. आपल्या जाणकारांना कळवावे.

त्याच कागदावरच्या बाकी पाट्या बऱ्या आहेत. 'दळण' चांगले सुचले आहे.

नाव देण्याची आवश्यकता वाटत नाही.

एक वाचक

ता. क. समासातले हस्ताक्षर फार वाकडेतिकडे झाले आहे. पाट्या लिहिणारी व्यक्ती वेळेवर जेवत नसावी.

—

१२ फेब्रुवारी

मामा!!

ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. टी, ए, आय. टाय. ताय. मग माझी बोबडीच वळली. ताई! घरात तिला ताई म्हणणारा माणूस एकच, आणि तो मला ओपनर विचारत बसला होता!

ज्या बाईने माझा वाढदिवसाला आलेला गेम कपाटाच्या खणात टाकला, तिच्या नावाने काच भाजली आहे. मी आधी हसले, मग साहेबांना दिसू नये म्हणून मिस्त्रींच्या यंत्रामागे जाऊन रडले. मिस्त्रींनी काही न विचारता हात पुसायचं फडकं दिलं. तोंडाला सगळं ग्रीस.

त्या ता. क.चं काय करू? फोन करू का तिला? आत्ता?

बाकावर बसलेला तो धाकटा भाऊ तूच ना? 'चला घरी' तुला तिथेच शिकवलं गेलं का?

तुझी भाची

—

१५ फेब्रुवारी

भाचीबाई,

फोन मुळीच करू नकोस. ती वाचक म्हणून आली आहे. वाचकाला तू मुलगी म्हणून गाठायला गेलीस, तर दार मुख्याध्यापिका उघडेल.

आता तिनेच लिहून दिलं, म्हणजे मी मोकळा झालो. पिशवीचा बंद ठरल्या ठिकाणी तुटला. कागद पसरले, मी ते गोळा करायला बराच वेळ लावला, आणि एक राहून गेला. मग खाली येऊन कान छताला लावून बसलो. थोड्याच वेळात ताई धाडधाड जिना उतरली.

"तू सांगितलंस?"

"मी शब्द दिलाय."

"मग हे काय आहे?"

"मी फक्त प्रुफं वाचतो, ताई."

"मुली जात नसत म्हणे!" एवढं म्हणून वर गेली. पुन्हा खाली आली. "परदेशी तरुण! प्रवासात वेळ घालवायला!" पुन्हा वर. तिसऱ्यांदा आली ती दारातच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "यंत्र चालू आहे का रे?"

मी म्हटलं, दुरुस्त होतंय.

हो, बाकावर मीच. आत काय चालतं ते मला दिसायचं नाही, ऐकू यायचं. शेवटी यंत्र रडल्यासारखा आवाज करायचं, ताई आतून "गेम ओव्हर!" ओरडायची आणि आम्ही घरी निघायचो. मग मला दुसरा कुठला अर्थ कळणार?

एक गोष्ट तुला सांगतो, ती तिला कळवू नकोस. शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला जायच्या आदल्या दिवशी ती दुकानात गेली. त्या दिवशी खेळली नाही. यंत्रावर हात ठेवून म्हणाली, "आता पुरे," आणि घरी आल्यावर देवापुढे उभं करून मला शब्द द्यायला लावला. आवडती गोष्ट तिने स्वतःच्या हाताने मिटवली. तू नाही मिटवलीस. इतकी वर्षं तिच्या ताटाला ताट लावून जेवलो, पण ती तुझ्यावर नेमकी कशाने चिडली आहे हे मला या आठवड्यात कळलं.

आता कार्यालयीन उत्तर लिही. नमुना तिचाच घे.

मामा

—

१८ फेब्रुवारी

आदरणीय वाचक,

आपले पत्र मिळाले. चुका दाखवल्याबद्दल विभाग आभारी आहे. 'वीर'ची दुरुस्ती तात्काळ केली आहे.

तथापि, थोरला खेकडा मारता येतो या आपल्या दाव्याबाबत संचालकांना शंका आहे. पुराव्याशिवाय पाटी बदलता येत नाही, असा संग्रहालयाचा नियम आहे. (हा नियम कालच केला.) यंत्र आता सुरू झाले आहे. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी आपण येऊन प्रात्यक्षिक दिल्यास पाटीचा मजकूर आपण सांगाल तसा ठेवू. इतकी वर्षे सराव नसल्यास आम्ही समजून घेऊ. अशा खेळाडूंना लिंबूटिंबू म्हणून खेळवण्याची सोय आहे.

सोबत कोणी आल्यास बाहेर बाक आहे. सोडाही मिळेल.

आपली विश्वासू,
पाट्या-विभाग प्रमुख

ता. क. पाट्या लिहिणारी व्यक्ती हल्ली वेळेवर जेवते.

—

७ मार्च

प्रिय मामा,

तू मुद्दाम आला नाहीस. सर्दी झाली असं कळवलंस, पण सर्दी झालेला माणूस निरोपाच्या चिठ्ठीत दोन ठिकाणी हसत नाही. मग आता सविस्तर वाच.

आई आली. कडक इस्त्री, मनगटावर घड्याळ, हातात पर्स, शाळातपासणीला आल्यासारखी. मागे बाबा. ते सरळ बाकावर बसले आणि त्यांनी सोडा घेतला. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मेसाहेबांना म्हणाली, "यंत्र कुठे आहे?" साहेब इतके घाबरले की "आलोच, बाई" म्हणाले.

पहिला जीव दोन मिनिटांत गेला. ती मिस्त्रींना म्हणाली, "दांडी सैल आहे." मिस्त्रींनी आवळली. दुसरा जीव जरा पुढे जाऊन गेला. तिच्या कानाची पाळी लाल झाली होती. मला वाटलं, आता ही पर्स उचलून निघून जाणार, आणि मग कायमची. लिंबूटिंबू लिहायला नको होतं, असं मनात आलं.

तेवढ्यात ती मोठ्याने म्हणाली, "टाइमप्लीज." मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मागे न बघता माझ्यापुढे धरलं.

"धर."

मामा, इतक्या महिन्यांतला पहिला शब्द. मी घड्याळ दोन्ही हातांनी धरलं.

मग ती खेळली. कशी ते मला सांगता येणार नाही. खांदे हलत नव्हते, नुसतं मनगट. थोरला खेकडा आला तेव्हा होडी सरकवून त्याच्या डाव्या नांगीखाली नेली आणि थांबली. गोळ्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. साहेब कुजबुजले, "हला, बाई, हला!" आई म्हणाली, "वर्गात बोलायचं नाही." खेकड्याने डोळे मिटले. टक. पुन्हा मिटले. टक. आणि तो आख्खा ठिकऱ्या ठिकऱ्या होऊन पडला. बाबा केव्हा आत येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. ते ओरडले, "बघितलं!" एनपीसीला नवीन वाक्य फुटलं, याची नोंद घे.

मग यंत्राने नाव विचारलं. तीन रिकाम्या जागा. सुरुवातीला तिथे 'ए' असतो, दांडी फिरवत आपल्या अक्षरापर्यंत जायचं. 'टी' बराच लांब आहे. आम्ही सगळे 'टी'ची वाट बघत होतो. आईने दांडी न हलवताच बटण दाबलं. ए. साहेब माझ्या कानात म्हणाले, "चुकलं वाटतं." तिने पुन्हा तसंच दाबलं. ए. मग दांडी फिरवली, एकेक अक्षर जाऊ दिलं, आणि 'आय'वर थांबली.

ए, ए, आय.

या वेळी मोठ्याने वाचायची गरज नव्हती.

तिने वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? याला दुसरा भिडू लागतो. टाक नाणं."

खेळलो आम्ही. तिने मला खूप ओरडून घेतलं. "डावीकडे! अगं डावीकडे! बँकेत हेच करत होतीस का?" माझे तिन्ही जीव गेले, मग मला वाचवायच्या नादात तिचे गेले. यंत्र रडल्यासारखं वाजलं. काचेवर मोठ्या अक्षरांत 'गेम ओव्हर' आलं. साहेब त्याचा अर्थ बाबांना समजावून सांगणार होते, तोच आईने माझ्या हातातून घड्याळ घेतलं, पर्स उचलली आणि मला म्हणाली, "चला घरी."

हे पत्र वरच्या मजल्यावरून लिहिते आहे. टपालात टाकत नाही. आईच खाली आणून देईल, तिला वाचायची परवानगी आहे.

तुझी भाची

—

११ मार्च

भाचीबाई,

सर्दी बरी आहे.

तू परत कामावर गेलीस आणि इकडे तुझ्या आईने कपाटाचा खण रिकामा केला. मुलांचे सगळे गेम वर्ष संपायच्या आतच परत दिले, चार शब्द न सुनावता. पण काल दोन पालक शाळेत तक्रार घेऊन आले होते. म्हणाले, आमच्या मुलांच्या गेममध्ये पहिल्या क्रमांकावर कुणीतरी भलतंच नाव टाकलं आहे, मुलं रडताहेत. ताईने गंभीरपणे चौकशीचं आश्वासन दिलं. वरून टिंग टिंग ऐकू येत नाही आता. मला चुकल्यासारखं होतं.

पाटीचं नवं प्रूफ वाचलं. "या यंत्रावर पूर्वी ताई पहिली होती, आता आई पहिली आहे. खेळाडू तीच." चष्मेसाहेबांनी समासात विचारलं आहे की दोन्ही नावांपैकी बरोबर कोणतं. त्यांना माझ्यातर्फे कळव. सकाळी देवापुढे बसलो असताना ती तीन-तीन अक्षरं मी मनात शेजारी शेजारी मांडून पाहिली. फरक पहिल्याच अक्षराचा आहे. 'टी' गेला, 'ए' आला. एवढीशी दुरुस्ती करायला तिला इतकी वर्षं लागली.

चूक कुठेच नाही. छापायला हरकत नाही.

मामा